बस्ता, उटणं आणि बिनलेबलची डबी

'अगं, किती काळवंडलीस गं!'

नगरच्या स्टँडवर उतरून सावेडीला मामाच्या घरी पोचायला मला पंचवीस मिनिटं लागली आणि हे वाक्य यायला जेमतेम अडीच सेकंद. पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती. मामीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तोंडावरून हात फिरवला आणि अगदी मायेनं माझ्या रंगाचा पंचनामा सुरू केला. फ्रीलान्सिंग, पुण्याचं ट्रॅफिक, स्कूटी, स्कार्फ न बांधण्याची खोड... आरोपी बरेच होते. 'आता लग्नापर्यंत आहेस ना इथं? मग बघ कशी उजळवते तुला!'

लग्न माझं नव्हतं, मामेबहिणीचं होतं. पण लग्नघरात हळद एकीलाच लागते आणि रंग मात्र सगळ्या मुलींचा चर्चेला येतो. अनुभव असेलच तुम्हाला.

खरं तर मी एका दगडात दोन पक्षी मारायला आले होते. एक, छोटीचं लग्न (आम्ही तिला अजून छोटीच म्हणतो, ती सत्तावीस वर्षांची इंजिनीअर असली तरी). आणि दुसरं, भातोडी नावाच्या गावातल्या एका तळ्यावर एक स्टोरी. तळ्याकडे नंतर येऊच.

तर, नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, याच जिल्ह्यातल्या चौंडीला जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांवरून. एसटीतला आमचा कंडक्टर मात्र 'नगर, नगर, नगर' असंच ओरडत होता. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेलं हे शहर, पण वीकेंडला इथं मुद्दाम कुणी येत नाही. शिर्डीला किंवा शिंगणापूरला जाताना मध्ये लागणारं गाव, चहाला थांबायचं आणि पुढे जायचं! नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथल्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, हे शाळेत पाठ केलेलं असतं तेवढंच. जिल्ह्यातल्या माणसाला मात्र लग्न ठरलं की पहिला आठवतो तो नगरचा कापड बाजार. कारण बस्ता बांधायचा असतो.

मॉल-जनरेशनसाठी सांगते. बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकगठ्ठा खरेदी. दोन्हीकडची माणसं गादीवर मांडी घालून बसतात, थंडा येतो, साड्यांचा डोंगर होतो, आणि कुणाचा मान किती याचा हिशेब न बोलता साडीच्या किमतीत मांडला जातो. एप्रिलची दुपार, बाहेर फुफाटा, आत तीन पंखे आणि चाळीस बायका. दुकानातल्या पोऱ्यानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि मागे हाक दिली, 'ताईंना फेंट कलर दाखव रे, डार्कमध्ये त्या अजून डार्क दिसत्यात.' त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. धंदा होता. मी हट्टानं गर्द जांभळी साडी घेतली. मामी म्हणाली, 'घे बाई, तुझं तू बघ.'

या सगळ्या गडबडीत मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. छोटीनं तोंडावरचा स्कार्फ दुकानात शिरल्यावरही काढला नव्हता. नवरीनं! शालू खांद्यावर टाकून आरशात बघतानाही फक्त डोळे. आणि मधूनमधून ती पाण्याची गार बाटली स्कार्फच्या वरूनच गालाला लावत होती.

'उन्हाचा त्रास होतोय,' ती म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. नगरच्या उन्हावर काहीही खपतं.

काष्ठौषधीवाले काका

बस्ता झाल्यावर मामीनं माझा मोर्चा बाजारातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानाकडे वळवला. लाकडी खणांची भिंत, पितळी कड्या आणि त्या दुकानांचा तो वास. लहानपणीची दिवाळीची पहाट एकदम नाकात शिरते! मामीची यादी तोंडपाठ: आंबेहळद, कचोरा, गव्हला, नागरमोथा, वाळा, चंदनपूड, गुलाबपाकळी, मुलतानी माती. 'ह्या दोघींना महिनाभर रोज लावणार आहे, मसुराच्या पिठात, दुधातनं.'

काका सत्तरीचे, बारीक, आणि रंगानं माझ्याहून चार शेड पुढे. पुड्या बांधता बांधता मी त्यांना विचारलं, 'काका, यानं खरंच माणूस गोरा होतो?'

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. 'पोरी, चाळीस वर्सं ह्याच धुळीत बसलोय मी. गोरा झालो का?'

मामी सोडून सगळे हसलो. मग काकांनी नीट सांगितलं. उटण्यानं मळ निघतो, तेलकटपणा निघतो, मेलेली कातडी घासली जाते, अंगाला वास येतो. त्वचा तुकतुकीत दिसते, आणि आपण त्यालाच उजळ म्हणतो. रंग काही जात नाही. मी नंतर वाचून बघितलं, तर विज्ञानही काकांच्याच बाजूनं आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारख्याच असतात. फरक असतो तो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. हे सगळं आतल्या थरात चालतं, डाळीच्या पिठाच्या हाताला न लागणाऱ्या ठिकाणी. बरं, मेलॅनिन म्हणजे काही चिकटलेला मळ नव्हे, आपली जन्मजात छत्री आहे ती. नगरसारख्या गावात तर ती लागतेच.

काकांनी एक खण उघडून बारीक काळं बी दाखवलं. 'ही बावची. वैद्य कोडावर देतात. लावून उन्हात गेलं की कातडी काळी पडते.' म्हणजे गंमत बघा, ज्या दुकानात आम्ही गोरं व्हायला गेलो होतो, तिथलं रंगावर खरोखर चालणारं औषध काळं करणारं होतं! बावचीत सोरॅलेन असतं. पांढऱ्या डागांवर हॉस्पिटलात सोरॅलेन देऊन अतिनील किरणांचा शेक देतात, तो याच तत्त्वावर. आणि लिंबाच्या रसातही त्याच कुळातली द्रव्यं असतात. त्यामुळे 'लिंबू चोळ, टॅन जाईल' हा सल्ला ऐकून जी मुलगी लिंबू लावून दुपारी स्कूटीवर बसते, तिच्या चेहऱ्यावर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि ते काळे पडून महिनोन् महिने राहतात. आजीच्या बटव्याचं आपल्याला कौतुक आहे, पण आजीनं दुपारी स्कूटी चालवली नव्हती.

पार्लरमधल्या ब्लीचचंही तसंच. हायड्रोजन पेरॉक्साइडनं चेहऱ्यावरची लव सोनेरी होते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. कातडी आहे तिथेच असते, फक्त थोडी चुरचुरते.

डबी

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. मामी खाली, आजी खाली, वर आम्ही दोघीच. छोटीनं मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला आणि स्कार्फ काढला.

मी काही बोलले नाही. दोन्ही गाल लालबुंद, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी, आत लाल केशवाहिन्यांची जाळी, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि कानाजवळ मऊ काळी लव, जी तिला आधी कधीच नव्हती.

'आठ महिने लावतेय ताई,' ती म्हणाली. 'पार्लरवाल्या मावशींनी दिली. साडेतीनशेला डबी.'

डबी तिच्या पर्समध्येच होती. पांढरी, प्लास्टिकची, वर काहीही लिहिलेलं नाही. कंपनी नाही, घटक नाहीत, तारीख नाही. पहिल्या आठवड्यात चमत्कार झाला होता म्हणे. चेहरा नितळ, डाग गायब, ऑफिसात सगळे विचारायला लागले, कुठला फेशियल? त्याच चेहऱ्यानं तिनं कांदेपोहे दिले. त्याच चेहऱ्याचा फोटो बायोडेटावर लागला. मग मार्चमध्ये डबी संपली, मावशी गावाला गेल्या होत्या, चार दिवस क्रीम लागली नाही आणि चेहरा पेटला. नवीन डबी आणली, लावली, एका दिवसात शांत. पुन्हा थांबवून बघितलं, पुन्हा आग.

'बंद करता येत नाही आणि चालू ठेवायची भीती वाटते. आणि ताई, त्यांनी जिला पसंत केलंय ना, ती मी नाहीये. ती डबीतली आहे.'

यावर मी काय बोलणार? माझ्या स्वतःच्या बायोडेटावर वडिलांनी 'वर्ण: निमगोरा' लिहिलं होतं. सावळी हा शब्द त्यांना लिहवला नाही. वडील वारकरी. गाडीच्या डॅशबोर्डवर विठोबा, घरात विठोबा, फोनच्या स्क्रीनवर विठोबा. देव सावळा चालतो, मुलगी मात्र निमगोरी लिहावी लागते! आठवीत असताना मी खाऊच्या पैशांतून फेअर अँड लव्हलीची पुडी आणायचे आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात लपवायचे. ती क्रीम आपल्याकडे १९७५ साली आली. एअर होस्टेसची नोकरी, चांगला नवरा, सगळं सहा आठवड्यांत मिळणार असं वाटायला लावणाऱ्या त्या जाहिराती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहेत. २००५ मध्ये पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आली आणि समानता पूर्ण झाली. २०२० मध्ये 'फेअर' शब्द जाऊन 'ग्लो' आला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगानुसार स्थळं शोधायची सोय काढून टाकली. कापड बाजारातल्या गादीवर ही बातमी अजून यायची आहे.

माझ्या त्या पुडीनं मला काहीच झालं नाही, गोरीही नाही आणि वाईटही नाही. अशा मोठ्या कंपन्यांच्या क्रीममध्ये बहुतेक नायसिनामाइड असतं, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. ते तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींकडे पोचवण्याची वाट थोडी अडवतं. जोडीला सनस्क्रीन. परिणाम हळू आणि माफक. कोजिक अॅसिड (जपानी लोक तांदूळ आंबवतात त्या बुरशीतून मिळणारं), ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन, आर्ब्युटिन, क जीवनसत्त्व, ही मंडळी रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमच्या कामात खोडा घालतात. डाग फिके व्हायला ही मदत करू शकतात. जन्माचा रंग बदलत नाही. आठवड्यात 'चमत्कार' तर मुळीच नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. जे निरुपद्रवी आहे ते आठवड्यात काही करत नाही. जे आठवड्यात करतं त्याला लेबल नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाण्याआधी मी एक पत्रकारी उद्योग केला. एका मेडिकलवर गेले आणि म्हटलं, 'चेहरा उजळायची क्रीम द्या, पटकन काम करणारी.' काउंटरवरच्यानं मान वर न करता एक ट्यूब सरकवली. शंभर रुपयांच्या आत. बारीक अक्षरांत तीन नावं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. प्रिस्क्रिप्शन? त्यानं विचारलं नाही, मीही दिलं नाही.

डॉक्टर मॅडमनी ती ट्यूब बघून सुस्कारा टाकला. त्यांच्या टेबलच्या खणात अशा ट्यूबांचं संग्रहालयच होतं! या तिकडीचा मूळ फॉर्म्युला अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७५ मध्ये मांडला. हो, तेच साल. तो वांगासाठी होता, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरता. आपल्याकडे त्यातलं स्टेरॉइड बदलून ती रोजची फेस क्रीम झाली. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसतं, सूज आणि लाली दाबतं, रंगद्रव्याच्या पेशींचं काम मंदावतं, म्हणून चेहरा एकदम स्वच्छ दिसतो. महिन्यांमागून महिने गेले की कातडी झिजते, केशवाहिन्या दिसायला लागतात, मुरमं येतात, लव वाढते. आणि थांबवलं की आग. या अवस्थेला भारतातल्याच त्वचातज्ज्ञांनी २००८ मध्ये नाव दिलं, स्टेरॉइडनं बिघडलेला आणि स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्या बंदीचं काय होतं ते मी सकाळीच बघून आले होते. हायड्रोक्विनोनचंही तसंच, वर्षानुवर्षं चोपडलं तर उलट निळसर-काळे, न जाणारे डाग पडू शकतात. युरोपनं ते सौंदर्यप्रसाधनांतून २००१ मध्येच काढलं.

'पण हिची डबी बिनलेबलची आहे,' मॅडम म्हणाल्या, 'म्हणून मला अजून एका गोष्टीची भीती वाटते. लघवी तपासून घ्या.'

छोटी माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्याची क्रीम आणि लघवी?

भीती पाऱ्याची होती. पाऱ्याचे क्षारही टायरोसिनेजला गप्प करतात, स्वस्त असतात आणि जोरात काम करतात. कातडीतून आत जातात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर बसतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०१४ मध्ये ३२ फेअरनेस क्रीम तपासल्या, त्यांतल्या १४ मध्ये पारा निघाला. मिनामाता करारानुसार पाऱ्याची असली प्रसाधनं २०२० नंतर जगातून जायला हवी होती. गेली नाहीत, ती बिनलेबलच्या डब्यांत गेली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले, त्यातले १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम लावत होते. आणि केरळ लांब वाटत असेल तर आपलं अकोला घ्या. तिथल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं पार्लरमधून आणलेल्या क्रीमनं दुखावली. मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी क्रीम तपासली तेव्हा कारण कळलं. २०२३ ची ही बातमी मी तेव्हा वाचली होती, शेअरही केली होती. आमच्याच घरात डबी आहे हे मात्र मला माहीत नव्हतं.

सॅम्पल दिलं. रिपोर्ट संध्याकाळी. घरी गेलो असतो तर मामीनं उटणं कालवून ठेवलेलं होतं. छोटी म्हणाली, 'तुझ्या तळ्यावर जाऊ चल.'

भातोडी

नगरपासून पंधरा-वीस किलोमीटर, पूर्वेच्या अंगाला. गाव साधं आहे, ज्वारी-कांद्याचं. पोस्टकार्डावर छापावं असं इथं काही नाही आणि एप्रिलमध्ये तर तळ्यातही फारसं नाही, भेगाळलेला गाळ आणि मधे उरलेलं पाणी. तरी या जागेवर उभं राहावं असं का वाटतं, सांगते.

१६२४ मध्ये इथं लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाहीची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. अंबरानं तलावाचं पाणी सोडून समोरच्या छावणीचा चिखल केला आणि मग एवढ्या मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी इथंच पडले. गनिमी काव्याची गोष्ट निघाली की या लढाईचं नाव निघतंच.

आणि हा मलिक अंबर कोण? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे नगरच्या निजामशाहीच्या पेशव्यानं विकत घेतलेला हबशी. काळा. अगदी काळा. त्यानं दोनेक दशकं मोगलांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. जहांगीर बादशहाला तो जिवंतपणी कधी हाताला लागला नाही, तर त्यानं चित्र काढवून घेतलं: भाल्यावर अंबराचं तुटलेलं मस्तक, वर घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्या मस्तकाला बाण मारणारा बादशहा. अबुल हसननं काढलेलं हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे. त्यात अंबर काळा आहे आणि जहांगीर चक्क तेजस्वी, डोक्यामागे प्रभावळ! बादशहाच्या आठवणींतही अंबराचा उल्लेख काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा असाच येतो. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं, अंथरुणात गेला. कबर खुलताबादला आहे.

बांधावर बसून मी छोटीला अजून एक हकीकत सांगितली, पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेली. हा १६१७ मध्ये अंबराला भेटला होता. अंबरानं आपली मुलगी निजामशाहीच्या सुलतानाला दिली होती. सुलतानाची दुसरी राणी इराणी, गोरी. तिनं एकदा भांडणात अंबराच्या लेकीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीनं बापाला कळवलं. त्यानंतर सुलतानावर विषप्रयोग झाला, असं हा डच माणूस सांगतो. सुलतान गेला ते साल १६१०.

छोटी बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, 'म्हणजे बापाच्या हातात अख्खं राज्य असूनही तिला ऐकावंच लागलं.'

मी लढाई सांगायला तिथं गेले होते. तिनं नेमकं दुसरंच ऐकलं.

मग तिनं स्कार्फ काढला, मोबाइल काढला, फिल्टर न लावता एक फोटो काढला आणि होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, 'क्रीमनं झालंय. डॉक्टर म्हणतात काही महिने लागतील. लग्नात असंच दिसणार.' निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत आम्ही दोघींनी मिळून एक अख्खं पाकीट शेंगदाणे संपवले आणि एक अक्षर बोललो नाही.

उत्तर आलं, 'दुखतंय का?'

आणि त्यामागोमाग दुसरं, 'आईला सध्या नको सांगूस.'

छोटी पहिल्या मेसेजवर रडली आणि दुसऱ्यावर हसली. की उलटं, मला नक्की आठवत नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला. मूत्रपिंडं ठीक होती. बाकी उपचार कंटाळवाणा: स्टेरॉइड एकदम नाही, डॉक्टर सांगतील तसं कमी करत जायचं, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, दुसरं मलम, धीर. पार्लरवाल्या मावशींकडे आम्ही दोघी गेलो. त्या घाबरल्या, मग चिडल्या, मग म्हणाल्या की त्याही तीच डबी लावतात. माल कुठून येतो हे काही त्यांनी सांगितलं नाही. आम्ही डबी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिली. त्याचं पुढे काय झालं की वेगळं लिहीन.

मामीशी बोलणं हे मात्र सगळ्यात अवघड काम होतं. तिनं आधी ऐकलंच नाही. मग डॉक्टरांच्या कागदावरचं वाचून ती देवघरात जाऊन बसली. उटण्याच्या पुड्या कपाटात गेल्या. हळदीच्या दिवशी पाटावर बसलेल्या छोटीच्या हाताला, पायाला, दंडाला हळद लागली आणि चेहऱ्याजवळ आलेला प्रत्येक हात मामी स्वतः अडवत होती. 'तोंडाला नको, डॉक्टरनी सांगितलंय.' एका आत्याबाईंनी भुवया उंचावल्या. मामी त्यांना म्हणाली, 'तिचं तोंड आहे, आग तिला होते.' मी तोंडाचा आ वासला. ही माझी मामी?

लग्नात मेकअप हलका होता आणि गाल लाल होते. सासूबाईंना वाटलं, लाजतेय.

दोन महिन्यांनी छोटीनं अल्बम पुण्याला आणून दाखवला. ती आता बरी आहे. लाली बरीच उतरलीय, लव अजून आहे, रंग परत तिचा स्वतःचा झालाय. फोटोग्राफरला तिनं बजावून सांगितलं होतं, माझ्या चेहऱ्याला हात लावू नका. त्यानं शब्द पाळला. तिच्याबाबतीत.

पान उलटलं तर ग्रुप फोटोत जांभळ्या साडीतली एक अनोळखी बाई उभी होती. दुधासारखी गोरी, गालांवर गुलाबी छटा. मी दोनदा बघितलं. साडी माझी होती.

मामीला फोन लावला. ती इतकी खूश होती की माझा आवाजच तिला ऐकू येईना.

'बघ,' ती म्हणाली, 'म्हटलं होतं ना, उजळवते तुला!'